दावं सोडलेला समुद्र

"कोल्हापुरात बसून समुद्राचा अभ्यास? मग आपलं कळंब्याचं तळं काय वाईट हाय?"

हा विनोद मी इतक्या तोंडांतून ऐकलाय की पुढं पुढं समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच मी म्हणायची, "तळ्याला लाटा कमी पडतात हो." रिक्षावाल्यापासून विभागातल्या क्लार्कपर्यंत प्रत्येकाला वाटायचं, हा विनोद जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलाय. सूर्याचा अभ्यास करणाऱ्याला कुणी विचारत नाही, बाबा, जाऊन आलास का म्हणून. समुद्राचं मात्र पाण्यात पाय बुडवल्याशिवाय कुणाला पटत नाही.

आणि खरं सांगायचं तर मी तोवर समुद्र बघितलाही नव्हता. मी शिरोळ तालुक्यातली. आमच्याकडं पाणी म्हणजे कृष्णेचं, नाहीतर उसाच्या सरीतलं. वडील सूतगिरणीत, आई दुसऱ्याच्या उसातलं तण भांगलायला. शाळेची सहल गणपतीपुळ्याला जायची तेव्हा मी आईबरोबर रानात असायची. आमच्या गल्लीतून विद्यापीठात जाऊन फिजिक्स शिकलेली मी पहिली. त्यामुळं मी काय शिकते यापेक्षा ते संपणार कधी आणि नोकरी लागणार कधी, एवढाच प्रश्न घरी असायचा. त्यांचं चुकत नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एम.एस्सी. झाल्यावर विभागातल्या एका सरांनी मला पीएच.डी.ला घेतलं. त्यांना दिल्लीहून एक प्रकल्प मिळाला होता. अरबी समुद्राचं पाणी कसं तापतं आणि कसं निवतं, हे संगणकावर चालवून बघायचं. आपला पाऊस तिकडूनच येतो, तेव्हा त्या पाण्याची चौकशी आपण नाही करायची तर कुणी करायची, असं सर म्हणायचे. हे त्यांचं वाक्य मला फार आवडायचं, म्हणून तर मी त्या खोलीत शिरले.

त्या खोलीला पडदे होते, पंखा होता आणि बाहेर चपला काढायची सक्ती होती. संगणकाला धूळ चालत नाही म्हणे. आम्ही चारपाच जण अनवाणी, पाळीपाळीनं त्या एका यंत्रापुढं बसायचो. सोमवारी शहरात लाईट जायची, म्हणून रविवारी संध्याकाळी समुद्र थांबवायचा आणि मंगळवारी जिथं थांबवला तिथून पुढं हाकायचा. आमच्या समुद्राला साप्ताहिक सुट्टी होती.

संगणकात समुद्र कसा बसवतात, हे मी आईला एकदा समजावलं होतं. सगळ्या समुद्राचे चौकोनी डबे पाडायचे, एकावर एक रचायचे. प्रत्येक डब्याला स्वतःचं तापमान, स्वतःचा खारटपणा. वरून त्या त्या वर्षाचं ऊन आणि वारा द्यायचा. मग यंत्र हिशोब करत बसतं, ऊन किती आत शिरलं, वाफ होऊन किती गेलं, शेजारच्या डब्यातून किती सरकलं. असं करत वर्षंच्या वर्षं चालवायची. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे भातुकलीच की." मी म्हटलं, "व्हय, भातुकलीच. पर त्यातला हिशोब खरा."

हिशोब खरा, असं मी तोंड वर करून सांगितलं खरं, पण त्यात एक गोम होती. हा संगणकातला समुद्र, म्हणजे आमचं मॉडेल, मोकळा सोडला की पाणी भरकटायचं. कुठं नको इतकं तापायचं, कुठं उगाच थंड पडायचं. म्हणून त्याला जुन्या मोजमापांची महिनावार सरासरी बांधून ठेवलेली असायची. पाणी त्या सरासरीच्या वर गेलं की प्रोग्राम त्याला खाली ओढायचा, खाली गेलं की वर ओढायचा. शास्त्रात त्याला भारदस्त नाव आहे. आमच्या खोलीत सगळे त्याला 'दावं' म्हणायचे, कारण आम्ही सगळेच म्हशीवाल्या गावांतले.

असं दावं तेव्हा जगभर बांधत होते, त्यात आमचं वेगळं काही नव्हतं. आमची करामत पुढची होती. वर्षभर मॉडेल चाललं की एक आलेख काढायचा. एक रेघ मॉडेलच्या तापमानाची, दुसरी खऱ्या तापमानाची. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून जायच्या. सगळे खूश. सर चहा मागवायचे, सोबत भजी. मीही दोन वर्षं ती भजी खाल्ली. मग एके दिवशी मी सहज विचारलं, "सर, ही खरी म्हणून जी रेघ लावतोय, ती कुठून घेतलीय?"

"जुनी सरासरी," सर म्हणाले. "आपली नेहमीचीच."

म्हणजे ज्या खुंट्याला म्हैस बांधली, त्या खुंट्यापाशीच म्हैस सापडली म्हणून आम्ही चहा पीत होतो.

मी हे जसंच्या तसं बोलले. मला सांभाळून बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. खोलीत कुणी हसलं नाही. माझ्यापेक्षा सीनियर असलेल्या एकानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "ह्याच्यावर पेपर छापून आलेत, माहीत हाय न्हवं?" माहीत होतं. त्याचाच पेपर होता. सर म्हणाले, "चहा गार होतोय." तो विषय तिथं बंद झाला, पण माझ्या डोक्यात तो बंद होईना. जुनी सरासरी म्हणजे गेलेल्या वर्षांचा समुद्र. त्याला जर आम्ही दर महिन्याला मागं ओढून तिथंच आणत असू, तर तो बदललाय का, हे आम्हाला कळणार कसं? बदलला तरी आम्हीच त्याला बदलू देत नव्हतो.

मी दावं सोडलं. कुणाला न विचारता.

पहिल्या खेपेला समुद्राचा काढा झाला. अरबस्तानाच्या बाजूला पाणी असं तापलं की त्यात मासाच काय, बटाटाही शिजला असता. सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. सीनियर म्हणाला, "बाई, दावं कशासाठी असतं, कळलं का?" उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे आपापल्या गावी गेले आणि मी कोल्हापुरातच राहिले. वाफेचा हिशोब उकलत बसले. आणि सापडलं. पाणी किती वाफाळणार हे काढताना प्रोग्राममध्ये समुद्राचं तापमान एकच धरलेलं होतं, ठरलेलं. पाणी किती का तापेना, वाफ तेवढीच. आता उकळता चहा आणि कोमट चहा यांच्यातून सारखीच वाफ जाते का? तापलेलं पाणी जास्त वाफ सोडून स्वतःला सावरतं, ते सावरणंच आम्ही काढून घेतलं होतं. दावं होतं म्हणून ही चूक इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती.

ते दुरुस्त केलं आणि समुद्र शहाण्यासारखा वागायला लागला. उन्हाळ्यात तापायचा, पावसाळ्यात निवायचा, कुठं उधळायचा नाही. फक्त एक होतं. वर्षामागून वर्षं गेली की तो तापमानात थोडाथोडा वर सरकत होता. थोडाच, पण मागं येत नव्हता.

आता हे खरं की माझी आणखी एक चूक, हे ठरवायला वेगळी मोजमापं पाहिजेत. खुंट्याची नकोत. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत जहाजांनी आणि उपग्रहांनी घेतलेली ताजी तापमानं होती. ती आणायला मी एसटीनं निघाले. शाहूवाडीची भातखाचरं मागं पडली, आंबा घाट उतरला, आणि दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रापुढं उभी राहिले. मला वाटला होता त्यापेक्षा तो लहान वाटला. संगणकात मला तो सगळाच्या सगळा दिसायचा, इथं डोळ्यांत मावेल तेवढाच. मी पाण्यात हात घातला. गरम लागलं. दुपारच्या उन्हात कुठल्याही पाण्यात हात घातला तर गरमच लागतं, हाताचा काय भरवसा. तरी मला रडू आलं, ते का ते आजही सांगता येत नाही.

मोजमापं घेऊन परत आले, रेघेवर रेघ ठेवली. खरा समुद्रही वर सरकत होता. माझ्या मोकळ्या समुद्रासारखाच. बांधलेला समुद्र तेवढा जागच्या जागी उभा होता, शहाण्या बाळासारखा. तो माझ्या प्रबंधाचा पाचवा भाग झाला.

सरांनी तो दोन दिवसांत वाचला. मग केबिनमध्ये बोलावलं. सर वाईट माणूस नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटेल. ते म्हणाले, "परीक्षक कोण येणार आहेत, माहीत आहे? ही जुनी सरासरी ज्यांनी तयार केली, ते. त्यांच्यासमोर तू हे वाचणार?"

"त्यांची सरासरी चुकीची आहे असं मी कुठं म्हटलंय सर? जुनी आहे, एवढंच म्हटलंय."

"अगं, चार भागांवर डिग्री मिळते. पाचवा काढ. तिकडं कॉलेजची जागा निघालीय, मुलाखत तोंडावर आलीय. डिग्री हातात घे, कायम हो, मग काय गोंधळ घालायचा तो घाल."

सगळी गोष्ट एवढीच होती. पाचवा भाग काढला तर डिग्री आणि डिग्रीपाठोपाठ नोकरी. ठेवला तर काही सांगता येत नाही. मी विचार करते म्हणाले आणि बाहेर आले, तर तिथं सीनियर उभा. त्यानं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, "तुम्हाला कशाला एवढा आटापिटा? तुमच्यासाठी जागा राखीवच की." माझे कान तापले. मी त्याला म्हटलं, "जागा राखीव हाय, समुद्र न्हाय. तो तुम्हाला पण तेवढाच मोकळा होता. सोडायचं होतं दावं." त्यानंतर आम्ही कधी बोललो नाही आणि मला त्याचं दुःख नाही.

घरी गेले. वाटलं होतं, आईला सांगितलं की बरं वाटेल. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काढ की मग. काय सोनं लागलंय त्याला?"

"आई, खरं हाय ते."

"खरं आसंल. खऱ्यानं चूल पेटती व्हय? तुझा बाप पाळ्या करून खोकतोय. मी आजून किती वर्सं लोकाच्या रानात वाकू? चार भाग खोटं हायती का?"

"न्हाय."

"मग चारावर काम भागतंय तर पाचवा कशाला पायजे?"

याला माझ्याकडं एक उत्तर होतं. पण ते तिला पटण्यासारखं नव्हतं. पाचवा भाग वगळला तर उरलेले चार त्याच दाव्याला बांधलेले राहतात, आणि त्यावर माझं नाव राहतं. आमच्या घरातलं नाव पहिल्यांदा कुठल्या पुस्तकावर येणार, आणि ते येणार ते अर्धवट सांगून? दुसऱ्यांनी आमच्याबद्दल आजवर कमी का खोटं लिहिलं, की आता आम्हीही त्यात भर घालायची? हे मी तिला म्हणाले. ती म्हणाली, "लय बोलती बाई तू." आणि ताट वाढलं.

तोंडी परीक्षेला कुणीही येऊन बसू शकतं. आमच्या गावच्या विहारातल्या बायका टेम्पो करून आल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत, आई पुढं, मांडीवर पेढ्यांचा पुडा. विभागाच्या हॉलमध्ये एवढी माणसं कधी बसली नव्हती. पहिले चार भाग लोण्यासारखे गेले. पाचवा सुरू झाला आणि परीक्षकांनी चष्मा काढून हातात घेतला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फार सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "मॉडेल मोकळं सोडलं की वर सरकतं, हा मॉडेलचा दोष असतो. तो समुद्राच्या माथी मारू नका. हा भाग तुम्ही मागे घ्या, मी आत्ता सही करतो."

मी सरांकडं बघितलं. सर खिडकीकडं बघत होते. आईकडं बघितलं. तिला वाक्य कळलं नव्हतं, पण 'सही' हा शब्द कळला होता. ती मान हलवत होती. घे, घे.

"मॉडेलचा दोष असेल तर जहाजांना पण तोच दोष झालाय का, सर?" मी म्हटलं. "त्यांना तर कुणी प्रोग्राम शिकवला नव्हता. मी हा भाग मागे घेणार नाही."

मला भीती वाटत होती. टेबल धरून उभी होते. पण एक गंमत सांगते, बोलून झाल्यावर इतकं मोकळं वाटलं की त्या क्षणी मला कुणी काहीही मागितलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं. परीक्षकांनी चष्मा चढवला, कागदावर शेरा मारला, फेरविचार करून पुन्हा सादर करावा. बस्स. हॉल रिकामा झाला. आईनं पेढ्यांचा पुडा न सोडता घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरांना वाटून टाकला, कशाबद्दल ते न सांगता.

कॉलेजची जागा गेली. वडील गिरणीतून घरी बसले. आई रानात जातच राहिली, आणि वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलली. मी तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी अनवाणी त्या खोलीत जाऊन बसायचे. पाचव्या भागातला एक शब्दही कमी केला नाही, उलट पुरावे वाढवले. जुन्या परीक्षकांनी पुन्हा यायला नकार दिला, तो सभ्यपणानंच. दुसरे आले, त्यांनी वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. तोवर जगात बाकीचेही दावी सोडायला लागले होते. माझ्यासाठी बाजा वाजवायला कुणी आलं नाही. सरांनी मात्र घरी जेवायला बोलावलं आणि म्हणाले, "तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं." मी म्हटलं, "होय, पाहिजे होतं." त्यांच्या बायकोनं पुरणपोळी वाढली.

पुढं काही वर्षांनी महापूर आला. शिरोळ तालुका कसा बुडतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्या घरात कृष्णा छातीएवढी. गाव उठून हायस्कुलात राहायला गेलं, कॉलेज बंद पडलं म्हणून मी पण तिथंच. वर्गावर्गात चटया, बाहेर बांधलेली जनावरं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न. धरणाचे दरवाजे वेळेवर का उघडले नाहीत? आणि उघडले तेव्हा एकदम का उघडले?

तिसऱ्याचौथ्या दिवशी पुढारी आले. सोबत अधिकारी, कॅमेरा, चारपाच कार्यकर्ते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथं समुद्रवाल्या मॅडम आहेत. मला फळ्याजवळ खुर्ची टाकून दिली. ज्या गावात मला कधी कुणी खुर्ची दिली नव्हती, तिथं पाणी ओसरायच्या आधी खुर्ची आली.

"मॅडम," पुढारी म्हणाले, "तुम्ही फक्त एवढंच सांगा. समुद्र तापलाय, म्हणून हा पाऊस झाला. निसर्गापुढं कुणाचं काय चालतंय? तुम्ही यांच्यातल्या, तुमचं लोक ऐकतील."

माझा पाचवा भाग, ज्याच्यासाठी मी नोकरी घालवली, तो हे गृहस्थ आता छत्रीसारखा डोक्यावर धरायला निघाले होते. मला हसू आलं आणि रागानं डोळ्यांत पाणीही आलं.

"समुद्र तापलाय, हे मी लिहून दिलंय," मी म्हणाले. "पण या एका पावसामागं तो किती, हे मला मोजता आलेलं नाही. आणि दरवाजे समुद्रानं उघडलेले नाहीत. ते कधी आणि का उघडले, ते तुम्ही सांगा."

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. अधिकारी पुढं झाला, म्हणाला, मॅडम, असं आडमुठेपणानं चालत नाही, सरकारी कॉलेजात जागा आहेत, आम्ही पण लक्षात ठेवतो. मी म्हटलं, ठेवा. पुढारी माझा नाद सोडून आईकडं वळले. ती भिंतीला टेकून ओली चादर पिळत होती.

"मावशी, तुम्ही तरी पोरीला समजवा जरा."

आईनं चादर झटकली, दोरीवर टाकली, आणि तेव्हा कुठं त्यांच्याकडं बघितलं.

"समजवून बघितलंय की साहेब. हिची डिगरी अडली, नोकरी गेली, मी वरीसभर बोलले न्हाय, पर हिनं एक पान काढलं न्हाय," ती म्हणाली. "सख्ख्या आईचं ऐकलं न्हाय, तुमी कोण लागून गेला?"